कुंकू लावलेली फ्लॉपी

आमच्या घराण्यात मंगलाष्टका नुसत्या भटजींवर सोडायची पद्धत नव्हती. त्यांच्या संस्कृत झाल्या की घरच्या म्हटल्या जायच्या, आणि त्या आत्या रचायची. चार-पाच कडवी, गुलाबी कागदावर छापलेली, अक्षतांबरोबर पाहुण्यांच्या हातात. त्यात दोन्हीकडच्या माणसांची नावं गुंफलेली असायची. एखाद्याचं नाव राहिलं की तो पुढच्या लग्नापर्यंत बोलायचा नाही. म्हणून नावांची यादी आधी करायची, आणि ते काम माझं. मला आजही दूधवाल्यापासून औषधांपर्यंत सगळ्याच्या याद्या लागतात, त्याची सुरुवात तिथून झाली.

आत्या डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत शिकवायची. आतोबा लवकर गेले. मागे एक मुलगा, एक मुलगी आणि दोन खोल्यांचं घर. ती मंगलाष्टका टेबलाशी बसून कधी रचत नसे. पोळ्या लाटताना रचायची. सगळ्या मंगलाष्टकांचं वृत्त एकच, शार्दूलविक्रीडित. शाळेत त्याचे गण पाठ करताना मला झोप यायची. आत्याने ते मला ओट्याशी उभं राहून एका वाक्यात शिकवलं होतं.

"बारा अक्षरं, श्वास, मग सात. श्वास विसरलीस तर गाणारा मरतो, लक्षात ठेव."

एकदा माझा दादरचा मामा लग्नाला उशिरा पोचला आणि थेट पंगतीत बसला. आत्या वाढता वाढता त्याच चालीत म्हणाली, "मामा दादरचे, उशीर करुनी आले परी जेवले!" सगळी पंगत हसली, मामा सर्वांत जास्त.

नव्वदच्या आसपास मी नौपाड्यात एका डीटीपीच्या दुकानात काम करायचे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल अशी कामं यायची. तेव्हा मराठी लिहायला आमच्याकडे एक वेगळाच प्रोग्रॅम होता. कुठल्या तरी लहान कंपनीने बनवलेला, आमच्याशिवाय ठाण्यात आणखी कुणाकडे असेल असं वाटत नव्हतं. त्याच्या फायलींच्या नावापुढे तीन विचित्र अक्षरं लागायची आणि त्या फायली दुसऱ्या कशातच उघडायच्या नाहीत. शिवाय कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या वायरच्या जागी, काडेपेटीएवढी एक डबी खोचावी लागायची. ती नसेल तर प्रोग्रॅम सुरूच व्हायचा नाही. आम्ही तिला कुलूप म्हणायचो.

शाळा सुटली की आत्या कधी कधी ठाण्याला यायची. पहिल्यांदा मंगलाष्टका टाइप करून घ्यायला आली, आणि दोन-तीन लग्नांनंतर म्हणाली, "सरक. मलाच शिकव." दुकानाच्या मालकांना ती वाढदिवसाच्या चारोळ्या फुकट करून द्यायची, त्यामुळे तेही काही बोलत नसत. तिची बोटं हळू चालायची पण चूक होत नसे. फक्त एका गोष्टीवर ती दर वेळी अडायची. त्या प्रोग्रॅममध्ये पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर.

"अगं, अक्षराचा पत्ता नाही आणि वेलांटी आधी? हे म्हणजे मुलगा बघायच्या आधी मंगळसूत्र घडवण्यासारखं झालं."

"आत्या, मशीनला तसंच कळतं."

"मशीनच्या आईला माझा निरोप सांग."

माझ्या लग्नाच्या मंगलाष्टका तिने तिथेच बसून, स्वतः टाइप केल्या. मी लग्न होऊन कल्याणला गेले, नोकरी मात्र चालू ठेवली. आणि नंतर एका शनिवारी आत्या पुन्हा आली. यादी मागितली नाही, कुणाचं लग्न तेही सांगितलं नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तू तिकडे तोंड करून बस."

"कुणाच्या गं?"

"माझ्या लेकीच्या."

माझी आतेबहीण तेव्हा बारावीत होती. मला हसूच आलं.

"हसू नकोस. ऐन लग्नात मी रडत असेन. रडताना मात्रा जुळत नाहीत. आत्ता डोकं थंड आहे, आत्ताच करून ठेवते. नावांची जागा मोकळी ठेवलीय, जावई मिळाला की भरू."

मी प्रिंट काढायला प्रिंटर चालू केला, तर तिने माझा हात धरला. लग्न ठरायच्या आधी मंगलाष्टका कागदावर उतरवायच्या नाहीत, असं तिचं म्हणणं. कच्चं लिहिलेले कॅलेंडरचे कागद तिने मेथी निवडायला वापरून टाकले होते.

"आणि फ्लॉपीवर चालतं?"

"फ्लॉपी काय कागद आहे? दिसतंय का त्यावर काही?"

तिने फ्लॉपी पर्समध्ये ठेवली. ती जुन्या पद्धतीची होती, मोठी, पातळ, हाताने वाकेल अशी. कव्हरला मध्ये एक लांबट खिडकी असायची आणि तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसायची. त्या खिडकीला बोट लावायचं नाही, एवढं मी तिला बजावून सांगितलं. तिने बोट लावलं नाही. पण दसऱ्याला ती शिलाई मशीन, इस्त्री, विळी, कुकर अशी सगळ्या उपकरणांची पूजा करायची. त्या रांगेत फ्लॉपीही बसली. हळद-कुंकू कुठे लावायचं? सगळीकडे काळं प्लास्टिक. एकाच जागी आतला जीव दिसत होता. आत्याने ओलं कुंकू नेमकं तिथे टेकवलं, दर दसऱ्याला, आणि फ्लॉपी पुन्हा कपाटात शालूखाली ठेवली.

हे मला चार-पाच वर्षांनी कळलं. तोवर दोन गोष्टी झाल्या होत्या. आमच्या दुकानात नवे कॉम्प्युटर आले, नवे फॉन्ट आले, तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनी बंद पडली, आणि तो चालणारं मशीन कुलपासकट भंगारात गेलं. दुसरी गोष्ट, आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. समजायचं सगळं. डोळे पूर्वीसारखेच चालायचे. पण तोंडातून फक्त "हो", "नाही" आणि "अगं" यायचं. जिने आयुष्यभर शब्द मोजून बसवले तिच्याकडे तीन उरले होते.

आणि त्याच वर्षी आतेबहिणीचं लग्न ठरलं.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडेच होते. आत्याने डाव्या हाताने कपाटाकडे बोट केलं आणि "अगं, अगं" म्हणत राहिली. आतेभावाने साड्या काढल्या, दागिन्यांचा डबा काढला, बँकेची पासबुकं काढली. ती दर वेळी "नाही". शेवटी शालू उचलला तेव्हा खाली फ्लॉपी दिसली. आत्याने ती हातात घेतली आणि माझ्या हातात दिली. काय हवंय हे वेगळं सांगायला लागलं नाही. लेकीच्या लग्नात तिला बोलता येणार नव्हतं. जे बोलायचं होतं ते तिने आधीच बोलून ठेवलं होतं, आणि ते या एका वस्तूत होतं, जी उघडायचं साधन जगात उरलं नव्हतं. खिडकीत कुंकवाचा वाळलेला लाल ठिपका होता.

मी घरी आले आणि यादी केली. आधी चकती साफ करणे. मग वाचणारं मशीन शोधणे. मग फाइल जशी असेल तशी उतरवून घेणे. मग अक्षरं लावणे. असं लिहून काढलं की काम अर्धं झाल्यासारखं वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

चकती साफ करायला कव्हर ब्लेडने तीन बाजूंनी कापलं. आतून पापडाएवढी पातळ चकती निघाली. मऊ सुती कापड औषधाच्या दुकानातल्या शुद्ध पाण्यात भिजवून, कडेकडेने पुसली. रंग गेला, पण प्रकाशात धरली की ठिपक्याच्या जागी बारीक खरखर दिसत होती. एका कोऱ्या फ्लॉपीचं कव्हर तसंच कापून ही चकती त्यात घातली आणि कडा चिकटपट्टीने बंद केल्या. मोठ्या फ्लॉपीचा ड्राइव्ह दुकानातल्या एकाच जुन्या मशीनला होता, बिलं छापायच्या. त्याने बराच वेळ घरघर केली आणि विचारलं, वाचता येत नाही, काय करू, सोडून देऊ, पुन्हा वाचू की दुर्लक्ष करू? मी पुन्हा वाच म्हटलं. तेच उत्तर. पुन्हा वाच. अनेकदा तसं केल्यावर दुर्लक्ष कर म्हटलं, आणि फाइल उतरली.

पडद्यावर आलेलं मराठी नव्हतं आणि इंग्रजीही नव्हतं. ग्रीक अक्षरं, हसरे चेहरे, बाण, चौकटीचे तुकडे. आतेभाऊ बघायला आला होता. तो इंजिनियर, कारखान्यात. म्हणाला, "ही मंगलाष्टका आहे? ही तर मंगळावरची वाटते."

"गप्प बस आणि वाच. प्रत्येक कडव्याच्या शेवटी बघ."

त्याने पाहिलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी खुणांची एकच रांग होती, तशीच्या तशी. तिथे दुसरं काय असणार? कुर्यात् सदा मंगलम्. लगेच डझनभर अक्षरं हाती आली.

बाकीच्यांसाठी माझं लग्न उपयोगी पडलं. माझ्या मंगलाष्टकांची फाइल दुकानाच्या जुन्या फ्लॉप्यांत सापडली आणि छापलेला गुलाबी कागद माझ्या अल्बममध्ये होता. एका बाजूला कागद ठेवला, दुसऱ्या बाजूला खुणा. कागदावर जिथे "मा" होता तिथे फायलीत एक हृदय आणि एक उभी रेघ. पुढच्या "मा"लाही तेच. जेवणाच्या सुट्टीत मी तक्ता करत गेले. सोपं काम होतं, पण ते सोपेपणाने झालं नाही. कारण तुलना करताना तो कागद शब्दाशब्दाने वाचावा लागत होता, आणि प्रत्येक शब्द आत्याच्या आवाजात येत होता. लग्नात मी तो ऐकलाच नव्हता. अंतरपाटामागे उभ्या असलेल्या मुलीला काय ऐकू येतं? आता एक एक अक्षर वेगळं काढताना मला कळलं की तिने माझ्या कडव्यात माझ्या याद्यांचीसुद्धा थट्टा केली होती.

एके ठिकाणी तक्ता चुकायला लागला. खुणा पुढे-मागे होत होत्या. दोन दिवस डोकं फोडलं, आणि मग आठवलं, मुलगा बघायच्या आधी मंगळसूत्र. वेलांटी आधी, अक्षर नंतर. मी दुकानात एकटीच हसले आणि मग मला पाणी प्यायला उठावं लागलं.

फाइल उलगडली. मधेमधे एखादी खूण बिघडलेली होती, तिथे वृत्त उपयोगी पडलं. "वेणीला रिबिनी अजून दिसती, शाळा, डबा अन्" याच्या पुढे एक अक्षर गायब आणि मग "ळा". वृत्त सांगत होतं, इथे ऱ्हस्व अक्षर हवं. मळा, गळा, फळा. शाळेबरोबर फळाच येणार. फायली दुरुस्त करायचे प्रोग्रॅम पुढे पुष्कळ पाहिले, पण हरवलेलं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ ते सांगणारा एकही नाही. आत्याने नकळत प्रत्येक ओळीला मोजमाप बांधून ठेवलं होतं.

फक्त कुंकवाच्या ठिपक्याखाली जे होतं ते गेलं होतं. ती जागा लेकीच्या कडव्यात आली. कडव्याची पहिली ओळ पूर्ण होती, "होती लेक लहान, आज नवरी झाली कळेना मला". दुसरी रिबिनींची. तिसरी अशी होती:

"गेली सोडुन ही घरास, मग मी"

आणि पुढे काही नाही. निव्वळ कचरा, एकही खूण तक्त्यात बसेना. बारा अक्षरं होती. श्वासही होता. सात गेली होती.

मी रविवारी डोंबिवलीला गेले. आतेबहिणीला ऐकू द्यायचं नव्हतं, म्हणून तिला विठ्ठलवाडीला माझ्या काकूकडून रुखवताचा चौरंग आणायला पाठवलं.

"माझंच लग्न, आणि मलाच हाकलता?" ती चप्पल घालताना म्हणाली.

"अगं," आत्या म्हणाली. त्या एका शब्दात निघ आता, उशीर नको आणि जिन्यात सांभाळून, असं सगळं होतं.

मी आत्यासमोर बसून सगळी कडवी त्या चालीत म्हटली. तिने डोळे मिटले होते. डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर लघु-गुरू मोजत होतं. तिसऱ्या ओळीशी मी थांबले. तिने डोळे उघडले.

"इथलं गेलंय, आत्या. कुंकू होतं तिथे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अर्ध्या तोंडाने हसली. मला वाटतं ती स्वतःला हसली. आणि मग ते शब्द शोधायला लागली. ओठ हलले, गळा हलला. "अगं... अगं..." तिला माहीत होतं. ते आत होतं, अगदी तिथे होतं, आणि तेही उघडत नव्हतं.

मी म्हटलं, "आपण भरूया. 'मग मी राहीन एकाकिनी'?"

"नाही." ताबडतोब. जवळजवळ रागाने.

"'मग मी पाहीन वाटेकडे'?"

तिने जरा विचार केला. "नाही."

आतेभाऊ पलंगावर लोळत होता. तो तिथूनच चालीत म्हणाला, "मग मी झोपेन आरामसे!"

वृत्तात चोख बसलं होतं. आत्या इतकी हसली की तिचे डोळे वाहायला लागले, पदराने पुसायला डावा हात पुरेना. आतेभाऊ उठून बसला. "हेच होतं ना आई? मला माहीत होतं!"

"नाही," ती हसतच म्हणाली.

मी आणखी पाच-सहा ओळी सुचवल्या. सगळ्या वृत्तात होत्या आणि प्रत्येकीला उत्तर एकच आलं. शेवटी मी म्हणाले, मग ही ओळच काढून टाकू, कडवं तीन ओळींचं करू. तेव्हा तिने माझं मनगट धरलं. "नाही." आणि मग, माझ्याकडे न बघता, तिने गुणगुणायला सुरुवात केली. शब्द नव्हते. पण चाल होती, आणि चालीत ती सात अक्षरं होती, दोन लांब, एक आखूड, दोन लांब, एक आखूड, एक लांब. पोळ्या लाटताना गुणगुणायची तशीच. एकदा झाल्यावर तिने माझ्याकडे बघून मान हलवली. हे असंच ठेव.

मी तसंच ठेवलं. नावांच्या मोकळ्या जागा तेवढ्या यादी करून भरल्या. गुलाबी कागदावर "मग मी" पुढे सात टिंबं छापली. छापखान्यातल्या माणसाने निरोप पाठवला की ताई, मजकूर अपुरा आहे. मी कळवलं, पुरा आहे.

लग्न डोंबिवलीतच एका हॉलमध्ये झालं. आत्याला अंतरपाटाच्या बाजूला, लेकीजवळ खुर्चीत बसवलं होतं. तिचा शालू मी नेसवला होता, ज्याच्याखाली फ्लॉपी होती तोच. घरच्या मंगलाष्टका मी म्हटल्या. रिबिनींच्या ओळीला बायका हसल्या. मग तिसरी ओळ आली. बारा अक्षरं म्हटली आणि श्वास घेतला. लोक कागदावर टिंबं बघून कुजबुजायला लागले, एक काका मोठ्याने म्हणाले, "छपाईची चूक आहे बहुतेक." आणि त्या कुजबुजीतून आत्याचा आवाज आला. घोगरा, सुरात. दोन लांब, एक आखूड. पुढच्या ओळीपर्यंत तिने मला नेऊन सोडलं, मग मी शेवटची ओळ म्हटली आणि अक्षता पडल्या.

माळा घालून झाल्यावर आतेबहीण मुंडावळ्या सावरत आईपुढे वाकली. "आई, मग मी काय गं? मी गेले की तू काय?"

आत्याने तिचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं आणि तिच्या कानात पुन्हा तेच गुणगुणली. आतेबहीण म्हणते, मला समजलं. काय समजलं ते ती सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

नव्वदचं दशक संपायच्या आत आत्या गेली. तिच्यामागे आमच्यात कुणी मंगलाष्टका रचत नाही. ती फाइल मात्र मी प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर, प्रत्येक नव्या प्रोग्रॅममध्ये उतरवत आले. वर्षातून एकदा करायच्या कामांच्या यादीत तिची ओळ असते: आत्याची फाइल उघडून बघणे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बघते. अक्षरं सगळी जागेवर आहेत का, वेलांट्या उलट्या झाल्या नाहीत ना, आणि सात टिंबं सातच आहेत ना.

संध्याकाळी पोळ्या लाटताना तीच ओळ तोंडात येते. मी कितीतरी शेवट बसवून पाहिलेत. चालीत सगळे बसतात आणि प्रत्येकाला मला तिचं "नाही" ऐकू येतं. मग मी सोडून देते. फक्त "मग मी" झालं की लाटणं थांबतं. तिथे श्वास घ्यायचा असतो. तो घेते, आणि जरा वाट बघते.